कंसात आधीचा विषय

दिनांक ११ ऑगस्ट २०१४ रोजी आमच्या कंपनीने पुठ्ठ्याची खोकी पुरवणाऱ्या एका माणसाला २,४७,३६० एवढी रक्कम दुसऱ्यांदा दिली. पहिल्यांदा ती जुलैमध्येच दिली होती. पुरवठादार प्रामाणिक निघाला, पैसे परत आले, पण ते यायला सात आठवडे लागले आणि तेवढ्या काळात हिशेब विभागातल्या आम्हा सगळ्यांची झोप उडाली.

चौकशी झाली तेव्हा कळलं की 'ही रक्कम दिलेली आहे, पुन्हा देऊ नये' असा स्पष्ट मेल वेळेवर आला होता. फक्त त्याचा विषय होता 'दुसऱ्या मजल्यावरील गळका नळ'. कुणीतरी नळाबद्दल मेल टाकला, त्याच्या उत्तरात कुणी प्लंबरचं बिल विचारलं, बिलावरून बिलं निघाली आणि नवव्या उत्तरात खोकीवाल्याचा उल्लेख आला. विषयाच्या ओळीत तेव्हाही नळच गळत होता. पैसे देणाऱ्या बाईंनी तो मेल उघडलाच नाही. का उघडला नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नळ दुरुस्त करणं माझ्याकडे नाही." त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

यानंतर मोठ्या साहेबांनी खरेदी विभागातल्या एका माणसाला नियम लिहायला सांगितला. त्या माणसाबद्दल मी लिहितो आहे.

खरेदीचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याकडे होता. उंच, किंचित पोक काढून चालणारा, शर्टाच्या खिशाला एकच पेन. त्याचं टेबल माझ्यापासून दोन टेबलं सोडून होतं. त्याने अर्ध्या पानाचा नियम लिहिला. मुद्दा तोच असेल तर विषयाची ओळ तशीच ठेवावी. बोलता बोलता मुद्दा बदलला तर विषयही बदलावा आणि आधीचा विषय कंसात लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला आपण कुठून कुठे आलो ते कळतं. पुढच्या उत्तरात कंस काढून टाकावा. मुद्दा पूर्णच वेगळा असेल तर जुन्या मेलला उत्तर देत बसू नये, नवा मेल लिहावा. बस, एवढंच.

त्या कंसामुळे ऑफिसने त्याला कंसमामा हे नाव ठेवलं. माणूस इतका निरुपद्रवी होता की नाव चिकटायला आठवडाही लागला नाही. पुढे नुसतं 'मामा' राहिलं, आणि त्याची बायको, जी कधी ऑफिसात नोकरीला नव्हती, तीही आम्हा सगळ्यांची मामी झाली.

सुरुवातीला टिंगल झाली. डिस्पॅचचा पोरगेला कारकून एकदा त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मामा, माझं लग्न ठरलं. मेल टाकतोय सगळ्यांना. विषय बदलू ना?"

मामाने वर न बघता सांगितलं, "बदल. पण आधीचा विषय कंसात टाकू नकोस."

अख्खा मजला हसला. कारकून लाल झाला, कारण आधीचा विषय तिसऱ्या टेबलावर बसलेला होता आणि तीही हसत होती.

हळूहळू नियम अंगवळणी पडला. मला वर्षअखेरीस ताळमेळ लावताना एखादा मेल शोधावा लागे, तो पूर्वी अर्धा दिवस खायचा. आता विषयांची यादी वाचूनच सापडू लागला. लेखापरीक्षकांनी एकदा शेरा लिहिला की या कंपनीचा पत्रव्यवहार वाचनीय आहे. मामाने तो शेरा बायकोला वाचून दाखवला. मामीने मला नंतर सांगितलं, "मला वाटलं पगार वाढला."

मामी रफूचं काम करायची. तीन लाँड्र्यांकडून तिच्याकडे कोट यायचे, कुणाचा सिगारेटने जळलेला, कुणाचा खिळ्याला अडकून फाटलेला. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि भोकावर एकेक धागा असा विणत न्यायचा की भोक होतं कुठे हे मालकालाही सापडू नये. माझाही एक कोट तिने केला होता. मी तो उन्हात धरून बघितला, जागा सापडली नाही. "कुठे होतं हो?" मी विचारलं. ती म्हणाली, "आता मलाही सांगता यायचं नाही. झालं की मी विसरते."

हे सगळं ती एका डोळ्यावर करायची. डावा डोळा लहानपणापासून अधू होता. त्याने उजेड कळायचा, माणूस आहे की कपाट एवढं कळायचं, सुई कळायची नाही. उजव्या डोळ्याने तिने दोन मुलांची शिक्षणं आणि घराच्या हप्त्यांतला चांगला वाटा ओढला होता. मुलं नोकऱ्यांना लागून दूर गेली होती. घरात दोघंच.

नियम लागू होऊन पाचेक वर्षं झाली असतील. एका सोमवारी सकाळी मामीच्या उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले आणि कोपऱ्यातून कुणीतरी पडदा ओढत आणतंय असं तिला दिसायला लागलं. मामा तिला घेऊन डोळ्यांच्या रुग्णालयात गेला. आम्हा सगळ्यांना कंपनीकडून आरोग्य विमा होता. विमा कंपनीचं कार्यालय दुसऱ्या शहरात. तिथला मंजुरी कक्ष मेलवरून मंजुरी द्यायचा आणि त्या मंजुरीवर रुग्णालय काम करायचं. मामाने मेल केला, विषय 'डोळ्याची तपासणी: मंजुरीबाबत'. दुपारीच मंजुरी आली. मंगळवारी सकाळी तपासणी झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई न करता बोलायच्या. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा कडेने सुटलाय, मधला भाग अजून चिकटलेला आहे. "तो सुटायच्या आत शस्त्रक्रिया केली तर सुई ओवता येईल. सुटल्यावर केली तर पडदा बसेल, नजर बसेल असं मी सांगू शकत नाही. लवकरात लवकर मंजुरी आणा. तोवर पडून राहायचं, मान खाली घालून काही करायचं नाही."

"किती वेळ आहे?" मामाने विचारलं.

"ते डोळा ठरवतो."

मंजुरी नाहीतर संपूर्ण रक्कम आगाऊ, असा रुग्णालयाचा नियम. रक्कम तीन लाखांच्या वर. मामाकडे तेवढे नव्हते. घराचा शेवटचा हप्ता त्याच वर्षी फिटला होता आणि धाकट्याच्या शिक्षणाचं कर्ज उभंच होतं. आम्ही ऑफिसात जमवायला सुरुवात केली तर तोच म्हणाला, "अहो, कशाला? सोमवारी सकाळी लिहिलं, दुपारी मंजुरी आली. लोक कामाचे आहेत. उद्या येईल."

मंगळवारी दुपारी ऑफिसात येऊन त्याने तपासणीच्या मंजुरीलाच उत्तर लिहिलं, म्हणजे आधीचं सगळं खाली जोडलेलं राहील. पण आता तपासणी नव्हती, शस्त्रक्रिया होती. मुद्दा बदलला होता. त्याने विषय केला, 'तातडीची शस्त्रक्रिया: मंजुरीबाबत (आधीचा विषय: डोळ्याची तपासणी)'. मी त्याच्या मागे उभा होतो. मला तो विषय वाचून बरं वाटलं. ज्याला काही माहीत नाही अशा माणसालाही त्या एका ओळीत सगळं कळलं असतं.

लगेच पोच आली. क्रमाने विचार होईल, डॉक्टरांचं पत्र जोडावं. बुधवारी त्याने पत्र मिळवून पाठवलं, विषय 'डॉक्टरांचे पत्र जोडले आहे (आधीचा विषय: तातडीची शस्त्रक्रिया)'. पुन्हा पोच. गुरुवारी सकाळी रुग्णालयाने खर्चाचा आकडा बदलला, कारण डोळ्यात एक खास तेल घालावं लागणार होतं. त्याने तेही घरूनच पाठवलं, 'सुधारित खर्चपत्रक (आधीचा विषय: डॉक्टरांचे पत्र)'. पुन्हा पोच. मधे त्याने फोनही लावून पाहिला. यंत्राने प्रकरणाचा क्रमांक मागितला, त्याने शेवटच्या पोचेवरचा दिला, यंत्र म्हणालं, प्रक्रिया सुरू आहे.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामी आतल्या खोलीत उशीला टेकून पडली होती. रफूची चौकट खिडकीशी उभी, तिच्यावर एक राखाडी कोट ताणलेला, अर्धा झालेला.

"या भाऊजी," ती म्हणाली. "तुमचे मामा मंजुरीला पत्रं लिहितायत. लग्नाआधी मला लिहिली नाहीत एवढी."

"लग्नाआधी तू समोरच राहायचीस," बाहेरून मामा म्हणाला.

"म्हणून काय झालं? अहो, एकदा जाऊन त्यांच्या दारात उभे राहा ना. तोंड बघून माणूस काम करतो."

"दारात उभं राहून कामं झाली असती तर जगात कागद कशाला निघाला असता? अगं, लेखी दिलंय. एकेक गोष्ट वेगळी करून दिलीय. त्यांना शोधावंसुद्धा लागणार नाही."

मामी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यांचं असंच. घर पेटलं तर आधी मथळा लिहितील."

शुक्रवारी तो ऑफिसला आला, कारण रजा सांभाळून ठेवायची होती. दहा वाजता त्याने फोन लावला आणि या वेळी यंत्राशी न बोलता माणूस येईपर्यंत धरून बसला. फोन माझ्या टेबलावरचा होता, त्याचा बिघडला होता. त्यामुळे पलीकडच्या मुलीचा आवाज मलाही ऐकू येत होता. मुलगी उद्धट नव्हती, हे मुद्दाम लिहितो.

"सर, तुमची चार प्रकरणं दिसतायत. यातलं कुठलं विचारताय?"

"चार नाहीत हो बाई, एकच आहे."

"नाही सर, चार आहेत. एक मंजूर होऊन पूर्ण झालंय. एकात पत्र नाही म्हणून थांबलंय. एकात नुसतंच पत्र आहे, मागणी नाही. एकात खर्चपत्रक आहे, पण कशाचं ते नाही."

"सगळ्याच्या खाली आधीचा मेल आहे. कंसात आधीचा विषय आहे."

"सर, आमच्याकडे विषयावरून जुळतं. विषय तोच असेल तर त्याच प्रकरणात जातं. वेगळा असेल तर नवीन प्रकरण उघडतं आणि रांगेत शेवटी लागतं. ते आपोआप होतं, आम्ही करत नाही."

मामाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सर, तुम्ही दर वेळी विषय का बदललात?"

"कारण मुद्दा बदलला होता," मामा म्हणाला.

पलीकडे थोडा वेळ की-बोर्डचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "असं करा सर. पहिल्या मंजुरीच्या मेलला उत्तर द्या. विषयाला हात लावू नका. सगळे कागद त्यातच जोडा. मी इथून पुढे सरकवते."

"पण त्याचा विषय तपासणीचा आहे. तपासणी झाली."

"असू दे सर. आत काय आहे ते आम्ही वाचतो."

फोन ठेवून तो स्वतःच्या टेबलाशी गेला. शस्त्रक्रियेची मागणी, पत्र, खर्चपत्रक, सगळं त्याने जोडलं आणि विषयाच्या ओळीशी थांबला. तिथे लिहिलं होतं 'डोळ्याची तपासणी: मंजुरीबाबत'. मी लांबून बघत होतो. त्याने तो तसाच पाठवला. बाराच्या आत मंजुरी आली. ती आली तेव्हा तो जागेवर नव्हता, बाटलीत पाणी भरायला गेला होता, डिस्पॅचच्या कारकुनाने मोठ्याने हाक मारली, "मामा, आली." चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मामाने मंजुरी छापून घेतली आणि धावतच निघाला. त्याला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, एकदाच. दुपारी डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"मधला भाग सुटलाय. कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"काल सकाळपासून," मामी म्हणाली.

मामाने तिच्याकडे पाहिलं. "मला बोलली नाहीस."

"तुम्ही तेव्हा मेल लिहीत होता," ती म्हणाली. "म्हटलं, आधी होऊ दे."

शस्त्रक्रिया शनिवारी सकाळी झाली. ती चांगली झाली असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि ते खरंही असावं. पडदा बसला. पुढे तो बसल्या जागी सुरकुतला. नजर आली नाही. दोन महिन्यांनी उजव्या डोळ्याने तिला समोर हात हलवला तर हात हलतोय एवढं कळायचं, तो कुणाचा ते कळायचं नाही. दुसऱ्यांदा करून काही मिळेल का, असं मामाने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला खोटं सांगितलं नाही.

त्याने विमा कंपनीला एक मेल लिहिला. भांडायला नाही. मुद्दा बदलल्यावर विषय बदलू नये हे आपण सभासदांना कुठे कळवलं आहे काय, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं की आपले प्रकरण पूर्ण झाले असून बंद करण्यात आले आहे. त्याने तो मेल मला दाखवला आणि स्क्रीन बंद केला.

चूक कुणाची यावर डब्याच्या सुट्टीत दोन-तीन दिवस बोलणं झालं. कुणी मुलीला बोल लावला, कुणी यंत्राला, कुणी रुग्णालयाला. पैसे देणाऱ्या बाई म्हणाल्या, "मामांनी तसं लिहिलं नसतं तर ते मामा कसले?" मग तेही बोलणं बंद झालं, कारण तो टेबलाजवळून जाताना सगळे एकदम गप्प व्हायचे आणि ते जास्त वाईट दिसायचं.

पुढच्या वर्षी आमच्या कंपनीनेही तसंच सॉफ्टवेअर घेतलं. तेही विषयावरून मेल जुळवायचं. विषय बदलला की मेलांची माळ तुटायची. आमच्याच लोकांनी मामाच्या नियमाप्रमाणे लिहिल्यामुळे पहिल्या महिन्यात गोंधळ उडाला. साहेबांनी मामाला बोलावलं. मी काही सह्या घ्यायला आतच होतो.

"मामा, तो जुना नियम आता काढावा लागेल. एक परिपत्रक करा. तुमच्याइतकं सुटसुटीत कुणी लिहीत नाही."

साहेब नवीन होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. मला वाटलं मामा निदान आज नाही म्हणेल. तो म्हणाला, "दुपारपर्यंत देतो."

तीन ओळींचं परिपत्रक होतं. यापुढे कोणत्याही मेलला उत्तर देताना विषयाची ओळ बदलू नये. कंसात काही लिहू नये. हा नियम आजपासून लागू. मी ते वाचलं, त्यात एक शब्दही जास्त नव्हता. हिशेबात ते मी फाइलला लावलं.

त्यानंतर त्याचे मेल इतरांसारखेच झाले. वर एक, आत भलतंच. मला जुनी बिलं शोधायला पुन्हा अर्धा दिवस लागू लागला. एकदा मी त्याला म्हटलं, "अहो, निदान मला लिहिताना तरी."

"तुम्ही नियमाबाहेर आहात का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. मी विषय सोडून दिला.

निवृत्तीला तीन वर्षं होती तेव्हा त्याने नोकरी सोडली. घरी मामीला एकटं ठेवता येत नव्हतं. गॅस चालू राहिला होता, एकदा बाथरूमच्या उंबऱ्यावरून पडून मनगट मोडलं होतं. मुलगा म्हणाला, आमच्याकडे या. मामी म्हणाली, "या घरात मला अंधारातही वाट माहीत आहे. तिथे मी नुसतीच सामान होईन." मग तो तिच्यासाठी घरी राहिला. स्वयंपाक शिकला. वाईट करतो.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. मागच्या खेपेला मामी खिडकीशी बसली होती, मांडीवर एक फाटका टॉवेल. बोटांनी ती भोकाची कड चाचपत होती आणि जाड सुईने टाके घालत होती. सुई मामाने ओवून दिली होती. टाके एकमेकांवर चढले होते, भोक तसंच उघडं होतं.

"कसं झालंय भाऊजी?" तिने विचारलं.

"ठीक आहे की," मी म्हटलं.

"खोटं बोलताय. हाताला कळतं." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "अहो, चहा ठेवा. आणि साखर नीट बघून घाला, काल मीठ होतं."

"काल नव्हतं, परवा," आतून मामा म्हणाला.

चहा घेताना तो मला म्हणाला की शस्त्रक्रियेच्या आठवड्यात घरी असलेले कोट त्याने त्याच महिन्यात ज्याचे त्याला परत नेऊन दिले होते, न केलेले, पिशवीत घडी घालून. चौकटीवरचा राखाडी कोट तेवढा उसवावा लागला, कारण अर्धवट रफू दिसायचा. त्या कोटासाठी मामीने कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडून दोनशे चाळीस रुपये आगाऊ घेतले होते. ते अजून द्यायचे आहेत.